एक टन तांबं, सव्वातीन टन अ‍ॅसिड

तांब्याच्या बातम्या सध्या परस्परविरोधी वाटाव्यात अशा येतात. विजेवरच्या गाड्या, सौर पॅनेल, डेटा सेंटर यांच्यामुळे मागणी वाढणार म्हणून नवे कारखाने उभे राहतात. गुजरातेत मुंद्र्याला अदानी समूहाच्या कारखान्यातून मार्च २०२४ मध्ये पहिला माल बाहेर पडला, आणि पहिल्याच टप्प्याची क्षमता वर्षाला ५ लाख टन आहे. त्याच वेळी या धंद्याची मजुरी मात्र कोसळली आहे. खाणवाल्याचं खनिज वितळवून तांबं काढून देण्यासाठी वार्षिक करारात २०२४ साली खनिजाच्या टनामागे ८० डॉलर ठरले होते. २०२५ साली ते २१.२५ वर आले. मजुरी पाऊणपटीनं उतरली तरी भट्ट्या कशाच्या जोरावर चालतात? याच्या उत्तराचा बराचसा भाग भट्टीच्या धुरात आहे.

पुण्यात खनिजापासून तांबं काढणारी भट्टी नाही. तांबट आळीत हातोडा पडतो तो तयार पत्र्यावर, आणि पिंपरीच्या केबल कारखान्यांत किंवा चाकणच्या मोटारींत जातं ते तांबंही आधी दुसरीकडे शुद्ध होऊन आलेलं असतं. पण अशा भट्ट्यांना लागणारी यंत्रं इथे बनतात. तापलेल्या वायूतून वाफ काढणारे बॉयलर ही चिंचवडच्या थरमॅक्सची जुनी ओळख आहे. त्यामुळे पुण्यातल्या बऱ्याच घरांत कुणी ना कुणी 'अ‍ॅसिड प्लांटच्या प्रोजेक्टवर' असतं, आणि तांब्याच्या कारखान्यात अ‍ॅसिड, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, कशाला, हे घरातल्या बाकीच्यांना कळत नाही.

गंधक येतो कुठून

जगातलं बरंचसं तांबं चॅल्कोपायराइट नावाच्या खनिजात असतं. वजनानं त्यात साधारण ३५ टक्के तांबं, ३० टक्के लोखंड आणि ३५ टक्के गंधक. म्हणजे जेवढं तांबं तेवढाच गंधक. खाणीवर दगड दळून त्यातला निरुपयोगी भाग काढून टाकतात. उरलेल्या बारीक पुडीला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. त्यात तांबं २५ ते ३० टक्के आणि गंधक ३० टक्क्यांच्या आसपास असतो.

ही पूड ऑक्सिजन मिसळलेल्या हवेबरोबर भट्टीत शिरली की पेटते. जळतो तो तिच्यातलाच गंधक आणि लोखंड. लोखंड वाळूशी संयोग पावून मळी होतं आणि वर तरंगतं. गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. तळाशी तांबं, थोडं लोखंड आणि थोडा गंधक यांचा रस साचतो, त्याला मॅट म्हणतात. हा मॅट मग आडव्या पिंपासारख्या दिसणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये ओततात आणि आत हवा फुंकून राहिलेला गंधक जाळून टाकतात. गॅस असा दोन ठिकाणी तयार होतो. भट्टीतून तो अखंड येतो, कन्व्हर्टरमधून थांबून थांबून. पुढचा सगळा घोळ या फरकातून निर्माण होतो.

एके काळी हा गॅस सरळ सोडून देत. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डकटाउन भागात त्यानं डोंगरच्या डोंगर उघडे पडले. शेजारचं जॉर्जिया राज्य न्यायालयात गेलं आणि १९०७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कौल जॉर्जियाच्या बाजूनं लागला. तिथल्या कंपनीनं गॅस पकडून अ‍ॅसिड करायला घेतलं, आणि पुढे त्या अ‍ॅसिडचाच धंदा मोठा झाला.

पद्धत आजही मुळात तीच आहे. गॅस थंड करून धुवायचा, वाळवायचा आणि व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकाच्या थरांवरून न्यायचा. तिथे त्याचा सल्फर ट्रायऑक्साइड होतो. तो ९८ टक्क्यांच्या अ‍ॅसिडमध्ये शोषून घ्यायचा आणि लागेल तसं पाणी घालत राहायचं. ट्रायऑक्साइड थेट पाण्यात सोडला तर अ‍ॅसिडचं दाट धुकं होतं आणि ते आवरता आवरत नाही.

टनांचा हिशेब

वर्षाला ५ लाख टन तांबं काढायचं आहे असं धरू. कॉन्सन्ट्रेटमध्ये २८ टक्के तांबं आहे आणि त्यातलं ९७ टक्के हाती लागतं. म्हणजे सुमारे १८.४ लाख टन कॉन्सन्ट्रेट लागेल. त्यात ३० टक्के गंधक, म्हणजे साडेपाच लाख टन. दोन-तीन टक्के मळीबरोबर आणि इकडेतिकडे जातो. उरलेल्या प्रत्येक किलो गंधकापासून ३.०६ किलो अ‍ॅसिड होतं. गोळाबेरीज १६.४ लाख टन. कारखाना वर्षात ३३० दिवस चालला तर रोजचे जवळपास ५ हजार टन. तांब्याच्या एका टनामागे सव्वातीन टन अ‍ॅसिड ते असं.

आता खाण बदलू. कॉन्सन्ट्रेटमध्ये तांबं २४ टक्के आणि गंधक ३२ टक्के आहे. तांबं तेवढंच काढायचं तरी अ‍ॅसिड २० लाख टनांवर जातं. त्यात पायराइट हे लोखंड आणि गंधकाचं खनिज मिसळलेलं असेल तर आणखी वाढतं, कारण पायराइटमध्ये अर्ध्याहून जास्त गंधक असतो आणि तांबं अजिबात नसतं. उलट बोर्नाइट या तांब्याच्याच दुसऱ्या खनिजात ६३ टक्के तांबं आणि गंधक जेमतेम पाव हिस्सा. भारतातले मोठे कारखाने मुख्यतः आयात कॉन्सन्ट्रेटवर चालतात, आणि आज एका देशाचा माल तर उद्या दुसऱ्या. 'किती तांबं काढणार' एवढं सांगून अ‍ॅसिड प्लांटचं माप निघत नाही. कोणकोणत्या खाणींचा माल घेणार, हे पुढची वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर ठेवून सांगावं लागतं. खरेदी खात्याचा माणूस हे कधीच छातीठोकपणे सांगत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

मापाचं खरं एकक घनमीटर

रोज ५ हजार टनांचा प्लांट, असं आपण सहज म्हणतो. पण ब्लोअर, पाइप आणि मनोरे यांना टन कळत नाहीत. त्यांच्यातून वाहतो तो गॅस, आणि त्यांचा आकार ठरतो तासाला किती घनमीटर गॅस येणार यावर.

एक टन अ‍ॅसिडसाठी निव्वळ सल्फर डायऑक्साइड सुमारे २२९ घनमीटर लागतो (शून्य अंश तापमान आणि समुद्रसपाटीचा दाब धरून, पुढचे आकडेही तसेच). तो निव्वळ कधीच येत नाही, हवेत मिसळून येतो. गॅसची तीव्रता १२ टक्के असेल तर एका टनामागे १,९०० घनमीटर वाहून न्यावे लागतात, ६ टक्के असेल तर ३,८००. अ‍ॅसिड तेवढंच, पण प्लांट जवळजवळ दुप्पट. म्हणून कन्व्हर्टरच्या तोंडावरचं झाकण नीट बसत नसेल आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तर ती हवा वाहून नेण्यासाठी कोट्यवधींचं पोलाद जास्त लागतं. फटी बुजवणं हे अ‍ॅसिड प्लांट मोठा करण्याइतकंच उपयोगाचं असतं आणि पुष्कळ स्वस्त पडतं.

जागेची उंचीही यात येते. समुद्रसपाटीवर जेवढी जागा लागते त्याहून पुण्याच्या उंचीवर, म्हणजे ५६० मीटरवर, तेवढाच गॅस सहा-सात टक्के जास्त जागा व्यापतो. चिलीतली चुकिकामाता खाण २,८०० मीटरच्या पुढे आहे. तिथे हा फरक ४० टक्क्यांच्या घरात जातो.

पंगतीचा प्रश्न

लग्नाला नऊशे माणसं येणार असली तरी मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल नऊशेंचा लागत नाही. तीन पंगती उठवल्या की तीनशेंचा पुरतो. मात्र पहिली पंगत उठायच्या आत दुसरी येऊन उभी राहिली की नऊशेंच्या हिशेबाला अर्थ उरत नाही, दारातली गर्दी तेवढी खरी. कन्व्हर्टरचं नेमकं असंच आहे.

आपल्या ५ लाख टनांच्या कारखान्यात दोन तृतीयांश गंधक भट्टीत जळेल आणि एक तृतीयांश कन्व्हर्टरमध्ये. भट्टीचा गॅस ५० टक्के तीव्रतेचा धरला तर तो तासाला सुमारे ६३ हजार घनमीटर येतो, एका चालीत. तीन कन्व्हर्टर आहेत आणि सरासरी दोन एका वेळी फुंकले जातात. बाकी वेळ मॅट ओतण्यात, मळी काढण्यात, तयार तांबं उपसण्यात जातो. फुंकत असलेला प्रत्येक कन्व्हर्टर ८ टक्के तीव्रतेचा लाखभर घनमीटर गॅस देतो. हे सगळं एकत्र करून, वर हवा घालून १२ टक्क्यांवर आणलं, तर हिशेब असा निघतो: एकही कन्व्हर्टर चालू नसताना तासाला २.६ लाख घनमीटर, एक चालू असताना ३.३ लाख, दोन असताना ४ लाख, आणि तिन्ही एकदम फुंकले तर ४.६ लाख.

मग प्लांट ४ लाखांचा बांधायचा की ४.६ लाखांचा? चार लाखांचा बांधला तर तिसऱ्या कन्व्हर्टरला 'थांब' म्हणावं लागतं. हे म्हणणं सोपं नाही. कन्व्हर्टरच्या दालनात वितळलेल्या धातूच्या बादल्या उचलणाऱ्या क्रेन मोजक्याच असतात. एक अडकली की सगळ्यांचं वेळापत्रक सरकतं आणि दोन कन्व्हर्टरच्या वेळा एकमेकींवर येतात. थांबवलेल्या कन्व्हर्टरमधला रस थंड होऊ लागतो. रसायनशास्त्राची सगळी गणितं करून झाल्यावर प्लांटचं माप शेवटी क्रेनच्या वेळापत्रकावर येऊन ठेपतं, हा मला या विषयातला सगळ्यात मजेशीर भाग वाटतो.

यातून सुटायचा दुसरा मार्ग म्हणजे कन्व्हर्टरच काढून टाकणं. जपानच्या मित्सुबिशी पद्धतीत मॅटचं तांबंही अखंड प्रवाहात होतं. अमेरिकेत यूटा राज्यातल्या केनेकॉट कंपनीनं १९९५ मध्ये मॅट गोठवून, दळून, पुन्हा भट्टीत उडवायची पद्धत आणली. दोन्हींत गॅस एकसारखा आणि तीव्र येतो, त्यामुळे अ‍ॅसिड प्लांट आटोपशीर राहतो. मॅट गोठवून पुन्हा वितळवण्यात उष्णता वाया जाते ती जाते.

पण मुळात १२ टक्केच का?

भट्टीचा गॅस ५० टक्के तीव्र असेल तर त्यात हवा मिसळून तो पातळ करायचा आणि मग प्लांट मोठा झाला म्हणून रडायचं, हा काय प्रकार, असं कुणीही विचारेल.

कारण उष्णता. डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड होताना भरपूर उष्णता निघते. दर एक टक्का तीव्रतेमागे गॅस ढोबळमानानं ३० अंशांनी तापतो. उत्प्रेरक ४०० ते ४२० अंशांना कामाला लागतो आणि ६३० च्या आसपास गेल्यावर खराब होऊ लागतो. तीव्र गॅस एकदम सोडला तर पहिलाच थर भाजून निघेल. शिवाय ट्रायऑक्साइड होण्यासाठी ऑक्सिजन हवा, आणि भट्टीतला ऑक्सिजन बहुतेक संपलेला असतो. हवा त्यासाठीही घालावी लागते. अलीकडच्या काही रचनांमध्ये याहून तीव्र गॅस घेतात, पण त्यासाठी जादा सोय करावी लागते.

गॅस फार पातळ असूनही भागत नाही. चार-पाच टक्क्यांच्या खाली स्वतःची उष्णताच पुरेनाशी होते आणि तेल किंवा गॅस जाळून थर तापवत ठेवावे लागतात.

पातळ गॅसबरोबर पाणीही जास्त येतं. धुतलेला गॅस ओलाच असतो, आणि ती वाफ शेवटी अ‍ॅसिडमध्येच उतरते. ९८ टक्क्यांचं अ‍ॅसिड हवं तर त्यात पाणी किती जाऊ शकतं यालाही हद्द आहे. १२ टक्क्यांचा गॅस ४० अंशांपर्यंत थंड केला की भागतं. ६ टक्क्यांचा असेल तर ३६-३७ पर्यंत उतरवावा लागतो, नाहीतर अ‍ॅसिड पातळ होतं. हे तीन-चार अंश कागदावर किरकोळ दिसतात. पण थंड करणारं पाणी कूलिंग टॉवरमधून येतं, आणि त्याचं तापमान हवेतल्या दमटपणावर ठरतं. किनाऱ्यावरच्या कारखान्याला पुण्यातल्या मे महिन्यापेक्षा जास्त त्रास होतो, कारण आपल्याकडे तेव्हा हवा तापलेली असली तरी कोरडी असते.

'मग सरळ मोठाच बांधा ना'

पैशाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हे नेहमी जमत नाही. भट्टी दुरुस्तीला बंद आहे आणि एकच कन्व्हर्टर चालू आहे अशी वेळ घ्या. ४.६ लाखांच्या प्लांटमध्ये लाखभर घनमीटर, तोही ८ टक्क्यांचा गॅस येतो. ब्लोअर इतका खाली उतरवता येत नाही. तो चालवायचा तर जादा हवा ओढावी लागते, तिनं गॅस आणखी पातळ होतो, आणि थर थंड पडू लागतात. थंड थरावरून गेलेला सल्फर डायऑक्साइड तसाच चिमणीतून बाहेर. मोठा प्लांट म्हणजे कमी प्रदूषण, हे समीकरण म्हणूनच सरसकट खरं नाही. काही ठिकाणी एक मोठा बांधण्याऐवजी दोन मध्यम बांधतात, ते दुरुस्तीलाही सोयीचं पडतं.

'अ‍ॅसिड कशाला, चुन्यानं धुऊन टाका'

रोजच्या ५ हजार टन अ‍ॅसिडमागे सुमारे ३,२५० टन सल्फर डायऑक्साइड असतो. तो सगळा चुन्यानं धुतला तर रोज ८,७०० टनांच्या पुढे जिप्सम तयार होईल. तांबं निघतं दिवसाला दीड हजार टन. इतकं जिप्सम ठेवणार कुठे? चुना कामाला येतो तो शेवटच्या धुण्यापुरता.

हे शेवटचं धुणंही बिनमहत्त्वाचं नाही. गॅस एकदाच शोषून घेणाऱ्या जुन्या पद्धतीत ९८ टक्के रूपांतर होतं. उरलेले दोन टक्के म्हणजे आपल्या कारखान्यात रोज ६५ टन गॅस. १९६० च्या दशकात जर्मनीच्या बायर कंपनीनं मध्येच एकदा ट्रायऑक्साइड शोषून घेऊन राहिलेला गॅस पुन्हा थरांवरून नेण्याची पद्धत रूढ केली. तिनं ९९.७ टक्के साधतात आणि ६५ टनांचे १० टन होतात. चिलीनं २०१३ च्या नियमानं जुन्या भट्ट्यांनाही ९५ टक्के गंधक पकडणं बंधनकारक केलं. त्यासाठी चुकिकामाताची भट्टी २०१८ च्या अखेरीस बंद ठेवून तिथले अ‍ॅसिड प्लांट नव्यानं बसवावे लागले.

पैसे कुणाच्या खिशात

मजुरीकडे परत येऊ. वितळवण्याच्या मजुरीत तांबं शुद्ध करण्याचा वेगळा दर मिळवला, तर २०२४ च्या करारानं टनभर तांब्यामागे सुमारे ४७० डॉलर मिळत होते, २०२५ च्या करारानं सुमारे १२५. टनामागे अ‍ॅसिड सव्वातीन टन, म्हणजे अ‍ॅसिडचा भाव दहा डॉलरनं वाढला की कारखान्याच्या हाती टनभर तांब्यामागे बत्तीस-तेहतीस डॉलर जास्त येतात. मजुरी १२५ वर आली असताना ही रक्कम लहान नाही. सुपर फॉस्फेटचं पोतं घेणारा शेतकरी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे, कारण ते खत करायला सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं.

भाव पडतो तेव्हा मात्र पंचाईत होते. २०२० मध्ये आशियातल्या काही सौद्यांत भाव शून्याच्याही खाली गेला होता, म्हणजे अ‍ॅसिड नेणाऱ्यालाच वर पैसे. कारण टाक्या भरल्या की भट्टी थांबवावी लागते. १५ दिवसांचा साठा ठेवायचा तर ७५ हजार टनांच्या टाक्या लागतात. वीस-पंचवीस टनांचा एक टँकर धरला तर रोज दोनशेहून अधिक टँकर भरून निघाले पाहिजेत. ही रांग बोरघाटातून चढवायची कल्पना करून पाहिली की असे कारखाने बंदराला चिकटून का असतात ते कळतं.

जनसुनावणीत विचारायचं काय

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी रत्नागिरीत व्हायचा होता. आंबा बागायतदार आणि मच्छीमार विरोधात उभे राहिले, १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवायला सांगितलं, आणि प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. मार्च २०१३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी डोळे चुरचुरतात, श्वास अडतो अशा तक्रारी केल्या. मे २०१८ मध्ये आंदोलकांवर पोलिसांच्या गोळीबारात १३ जणांचा जीव गेला, कारखाना बंद झाला, आणि तो उघडण्याची कंपनीची याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली.

अशा प्रकल्पाच्या अहवालात 'अ‍ॅसिड प्लांट, प्रतिदिन ५,००० टन' एवढी एक ओळ असते, आणि सुनावणीत भांडण त्या टनांवरच होतं. त्यापेक्षा तासाला जास्तीत जास्त किती घनमीटर गॅस येणार, तेव्हा किती कन्व्हर्टर चालू धरले आहेत, आणि कमीत कमी किती गॅसवर प्लांट चालू राहतो, हे विचारावं. अ‍ॅसिड प्लांट बंद पडल्यावर भट्टीत पूड जाणं आपोआप थांबतं की कुणीतरी फोन करून थांबवायचं असतं, तेही. आणि थंड प्लांट सुरू करताना उत्प्रेरकाचे थर ४०० अंशांच्या वर आल्याखेरीज भट्टीचा गॅस आत घ्यायचा नसतो. त्यासाठी तापवणारा बर्नर केवढा आहे आणि थर तापायला किती तास लागतात, याचा आकडा अहवालात शोधावा. गॅसचे सगळ्यात वाईट तास बहुधा तेच असतात.